वैशू, तुझं यान अजून वाटेत आहे

वैशू, लोक येतात, सतरंजीवर बसतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि थोड्या वेळाने सगळे एकच बोलतात. "तिचं यान तेवढं सुखरूप उतरू दे, म्हणजे तिच्या जिवाला शांती मिळेल." बुधवाऱ्यातले कापडवाले शेठजी हिंदीत बोलले, तुझ्या शाळेतल्या बाई मराठीत बोलल्या, पण बोलले हेच. आबा प्रत्येकापुढे हात जोडतात. तुझे दादा मान हलवतात. मी चहाचं बघते म्हणून आत निघून जाते, कारण "हो, उतरू दे" हे माझ्या तोंडून निघत नाही.

निघणार कसं? तू जे मला सांगून गेलीस ते या घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तुझं यान मंगळाच्या वाटेवर आहे, अजून काही आठवडे ते नुसतं जात राहणार आहे, आणि ते उतरावं की उतरू नये हे मला ठरवता येत नाही. तू असतीस तर हसली असतीस. "वहिनी, तुझ्या ठरवण्याने काय होणारे!" खरं आहे. तुझ्या ठरवण्याने मात्र झालं असतं, आणि त्यावरूनच मला तुझ्याशी भांडायचं होतं. भांडण अर्ध्यात टाकून उठून जायची तुझी खोड लहानपणापासूनची. पण या वेळी हद्द केलीस.

मी या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जायचीस. माझं माहेर जळगावकडचं. इथलं हिंदी मला कळायचं पण बोलायला जीभ वळायची नाही, आणि बऱ्हाणपुरात भाजीवालीपासून बँकेपर्यंत सगळा कारभार हिंदीत. तू माझी दुभाषी झालीस. मी तुझ्या कानात म्हणायचे, "विचार, भेंडी ताजी आहे का?" तू मोठ्याने म्हणायचीस, "भाभी पूछ रही है, ये कल की है या परसों की?" भाजीवाली माझ्याकडे डोळे वटारून बघायची. घरी आल्यावर मी तुझा कान पिरगाळायचे आणि मग दोघी ओट्याला टेकून हसत सुटायचो. परक्या घरात मला पहिल्यांदा हसवलंस ते तू. नवऱ्याने त्यानंतर, तेही क्वचित.

पुढे तू शिकत शिकत कुठल्या कुठे गेलीस. परदेशातल्या त्या संस्थेत लागलीस तेव्हा आबांनी अख्ख्या लालबागेत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. "माझी पोरगी मंगळावर यान पाठवते." आणि तू सुट्टीवर आलीस की माझ्या कानाशी लागून म्हणायचीस, "वहिनी, खरं सांगू? मी तिथे झाडू-पोछा करते."

ते बरंचसं खरंच होतं. माणूस न बसलेलं, आपलं आपण चालणारं, खडक खरवडून आत काय आहे ते बघणारं ते यंत्र. ते बनवणारे वेगळे, उडवणारे वेगळे. तू बघायचीस ते यंत्र स्वच्छ आहे की नाही. पांढऱ्या खोलीत, डोळे सोडून सगळं अंग झाकून, ओल्या बोळ्याने त्याची चाकं, हात, तारा पुसायच्या आणि तो बोळा काचेच्या बशीत ठेवून काही उगवतंय का याची वाट बघायची. घरी आल्यावर मात्र चहाचा कप धुवायला तुझा हात उठायचा नाही. मी म्हणायचे, "मंगळाची काळजी आणि माझ्या मोरीची नाही." तू म्हणायचीस, "तुझ्या मोरीत जे आहे ते आधीच इथलं आहे, वहिनी. ते कुठे जात नाहीये."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला भीती उलटी आहे. मला वाटायचं, तिकडून काही आपल्याकडे येऊ नये म्हणून ही सगळी धुलाई. तुम्ही धुत होतात ते आपलं तिकडे जाऊ नये म्हणून.

"तिथे कोणी आहे का पण?" मी विचारलं होतं.

"तेच बघायला जातोय ना."

"आणि असलं, तर?"

"तर ते आपल्यामुळे मरायला नको. आणि आपलेच जंतू तिथे सापडले आणि आपण नाचलो की जीव सापडला, असंही व्हायला नको."

"मग जाऊच नका. सोपं आहे."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुला जेवू नको म्हणाले. "गेल्याशिवाय कळणार कसं?"

हा आपला वाद. तो कधी ओट्यावर झाला, कधी फोनवर, कधी शेतात. तू माझी समजूत काढायचीस, मी तुझी खोड काढायचे. एकदा तू म्हणालीस की कितीही पुसलं तरी शून्य होत नाही, म्हणून एक हद्द ठरवलेली असते. यंत्रावर इतके जंतू चालतील, त्याहून जास्त नाही. मी विचारलं, "कोणी ठरवलं?" तू म्हणालीस, "आम्हीच." मी म्हटलं, "ज्यांच्या घरी जाताय त्यांना विचारलं का?" तू आधी हसलीस. मग बराच वेळ हसली नाहीस.

आता आपल्या मीनलच्या, माझ्या लेकीच्या, लग्नाचं लिहिते. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

मांडवाच्या दाराला केळीचे खांब सगळेच बांधतात. कापून आणतात, बांधतात, लग्न झालं की फेकतात. आपल्या घरची रीत वेगळी. मांडवाची केळी मुळासकट आणायची, मातीच्या गोळ्यासकट, आणि लेक सासरी गेली की नवरीच्या आत्याने ती शेताच्या बांधावर लावायची. ती जगली, फुटवे आले, तर लेकीचा संसारही तसाच वाढतो. आबांची यावर इतकी श्रद्धा की त्यांनी स्वतःच्या बागेतली केळी घेतली नाही. म्हणाले, "घरची केळी घरातच लावायची, त्यात काय मानपान? सोयऱ्याकडून आली पाहिजे." त्यांच्या साडूने तापीच्या पलीकडून दोन झाडं पाठवली. चांगली उंच, तजेलदार. मातीचा गोळा गोणपाटात बांधलेला. सगळ्यांनी कौतुक केलं.

आणि मीनलची आत्या तू. ज्या बाईने वर्षानुवर्षं यंत्रावरची एकेक तार पुसली, ती बाई पैठणी खोचून, अनवाणी, दोन्ही हातांनी ती माती आपल्या बांधावर दाबत होती. गालाला हळद लागली होती तुझ्या. तू मला म्हणालीस, "वहिनी, हे काम मला जास्त जमतं." मी तुझा फोटो काढला. तो फोटो मी आता बघू शकत नाही, आणि आबांना तोच फोटो बाहेर हार घालायला हवा होता. मी सापडत नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर बांधाकडच्या ओळीत पानं कडेने पिवळी पडायला लागली. मला वाटलं खत कमी पडलं. मग पानं मोडून खोडाभोवती लोंबायला लागली, खोडं खाली फाटली. घड धरलेली झाडं उभ्याउभ्या वाळली. एक ओळ गेली, मग पाण्याच्या वाटेने पुढची गेली. ठिबकवाल्याने एक सांगितलं, औषधवाल्याने दुसरं, दादा म्हणाले शेतीच सोड. तू त्याच सुमारास सुट्टीवर आलीस. बॅगही उघडली नाहीस, थेट शेतात आलीस. एक खोड आडवं कापलंस. आत तांबूस तपकिरी डाग होते, गोल गोल, वास येणारे. तू तो तुकडा हातात धरून उभी राहिलीस आणि मग वळून बांधाकडे बघितलंस. त्या बघण्यानेच मला समजलं.

"वहिनी, ही मर आहे. मातीतून येते. मातीत राहते." मग म्हणालीस, "मीच लावली ना ती."

"तुला काय माहीत होतं?"

"माझं कामच ते आहे माहीत असण्याचं."

मी रागावले तुझ्यावर. जंतू ओळखणारी तू, केळीचा डॉक्टर नव्हेस. आणि माती साडूंची, रीत आबांची, आग्रह सगळ्यांचा, फोटो माझा. साडूंनाही बिचाऱ्यांना पुढे कळलं, त्यांचीही बाग गेली. पण तू ऐकायला तयार नव्हतीस. एकच मागितलंस. "आबांना सांगू नको. ते मला काही बोलणार नाहीत, स्वतःला खात बसतील. त्यांनी मीनलचं नाव घेऊन आणली होती ती." मी शब्द दिला. आपण दोघींनी मिळून आजारी झाडं उपटली, ओढली, जाळली. तुझी सगळी सुट्टी त्या धुरात गेली. फाटकाशी औषधाच्या पाण्याचा हौद तू बांधून घेतलास आणि गावातला कोणीही त्यात पाय बुडवल्याशिवाय आत येणार नाही अशी तंबी दिलीस. लोक हसले. "देवळात जाताना पण एवढे पाय धुत नाही, मॅडम." तू ऐकून घेतलंस. दादांनी पुन्हा शेती सोडायचं काढलं तेव्हा तू त्यांना सरळ म्हणालीस, "शेत वहिनी करते, ठरवेल तीच." आयुष्यात माझ्या बाजूने असं दुसरं कोणी बोललेलं नाही. नाल्याच्या पलीकडची अर्धी बाग आज उभी आहे ती तुझ्यामुळे, आणि हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

मांडवाची झाडं मात्र राहिली. आबा आडवे आले. "लेकीच्या मांडवाची केळी कापून राहिल्या काय तुम्ही? माझ्या जिवंतपणी नाही." कारण सांगता येत नव्हतं, म्हणून जोर करता आला नाही. एक झाड स्वतःच वाळून पडलं. दुसऱ्याभोवती आपण चर खणला, औषध ओतलं, आणि तू म्हणालीस की बहुतेक आता काही होणार नाही.

तुझ्या त्या 'बहुतेक'चा मला राग आहे, वैशू. आधी नव्हता. आता आहे.

कारण तोच शब्द तू मला गेल्या महिन्यात ऐकवलास. शेवटच्या सुट्टीवर आली होतीस. यान उडून बरेच दिवस झाले होते. ते उडालं त्या दिवशी आबांनी दुकानातून गरम मावा जिलबी आणून चौकात वाटली होती. आम्ही तुला व्हिडिओवर बघत होतो. तुझ्या मागे सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि तू कडेला उभी. आबा म्हणाले, "थकली पोरगी." मला ते थकणं वाटलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. आपण नाल्याकाठी उन्हात बसलो होतो, तू सीताफळ खात होतीस आणि बिया हातातच गोळा करत होतीस, कुठे टाकत नव्हतीस. मी त्यावरून चिडवणार होते. तेवढ्यात तू बोलायला लागलीस.

म्हणालीस, शेवटच्या पुसण्यात एक जंतू उगवला. हद्दीच्या आतच होता, थोडासाच. नियमाने सगळं ठीक. पण तो तापवून मरेना, औषधाने मरेना, ज्या किरणांनी सगळं मरतं त्यांनीही मरेना. तू त्याच्या मागे लागलीस तेव्हा कळलं की तो बाहेर कुठे नाही, फक्त त्या पांढऱ्या खोलीतच आहे. "आम्ही इतकी वर्षं तिथे धुतोय, वहिनी. जे मरण्यासारखं होतं ते कधीच मेलं. जे उरलं ते आम्हीच तयार केलं. आमच्या धुण्यानेच."

आणि यान जाणार होतं ते कोरड्या माळावर नव्हे. तुमच्या लोकांना वाटतं की तिथल्या एका उतारावर मातीखाली खारट ओल आहे. म्हणून तर जायचं. जीव असला तर तिथेच असणार. आणि इथून गेलेला जंतू रुजला तरी तिथेच रुजणार.

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणाले, बहुतेक काही होणार नाही. प्रवासातच मरतील. थंडीने मरतील. बहुतेक." तू बिया मुठीत दाबल्यास. "पण शेवटी माझा हात वर व्हायचा होता. मी नको म्हटलं असतं तर थांबावं लागलं असतं. एवढा अधिकार होता मला. आणि एकदा वेळ हुकली की दोन ग्रह परत तसे यायला दोन वर्षांच्या वर लागतात."

"मग?"

"मी ठीक आहे म्हटलं."

"वैशू!"

"मला बघायचं होतं, वहिनी. शाळेपासून मला एवढंच बघायचं होतं. तिथे कोणी आहे का." मग तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी काय बोलले? मी म्हटलं, "चल, ऊन उतरलं, म्हशीचं दूध काढायचं राहिलंय." मला विचार करायला वेळ हवा होता. तुझ्याशी वाद घालायचा तर तयारीने घालायला लागतो. मी मनात म्हटलं, उद्या सकाळी हिला चांगली धरते. सकाळी तू मोरीजवळ पडलेली सापडलीस. डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. तू शुद्धीवर आलीच नाहीस. इस्पितळातल्या काचेतून मी तुझ्याकडे बघत होते आणि मला तुझ्यावर ओरडावंसं वाटत होतं. ऊठ, उत्तर तरी ऐकून जा.

खरं म्हणजे उत्तर तयारच नव्हतं. कधी वाटायचं, मीही ठीक आहे म्हटलं असतं. कोण नाही म्हणेल? सगळं आयुष्य ज्या दारापुढे उभं राहून काढलं ते उघडत असताना? कधी वाटायचं, नाही, मी आडवी पडले असते. बाग गेलेली बाई आहे मी. पण बाग तुझीही होती. तूच तर ती माझ्याबरोबर जाळलीस.

एवढं मी तुझ्या दहाव्याच्या आधी लिहिलं होतं. आता पुढचं लिहिते.

सुतकात मातीला हत्यार लावायचं नाही ही आबांची ताकीद तुला माहीत आहे. तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा शेतात गेले तेव्हा बांधावरच्या त्या मांडवाच्या केळीचं जुनं खोड पुरतं वाळलेलं होतं, आणि त्याच्या बुडाशी एक मुनवा फुटलेला. नवं पिलू. हिरवंगार, सुरळीसारखं पान उघडत असलेलं. मर लागलेल्या बुडातूनच आलेलं ते. लगेच कुदळ आणावी असं वाटलं, पण सुतक. म्हटलं, तेरावं होऊ दे, त्याच दिवशी काढते आणि जाळते.

आबांनीही तो बघितला होता. मी घरी आले तर ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "वैशूच्या हातची केळी हो ती. ती गेली अन् इकडे नवा कोंब फुटला. पोरगी परत आली माझी, दुसरं काय." आणि रडत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना नीट रडू फुटलं होतं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. त्या वेळी मी बोलायला हवं होतं का? तुझा शब्द होता. आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात तेवढा एकच कोंब होता.

दहाव्याला मीनल आणि जावईबापू रावेरहून आले. पिंडाला कावळा शिवत नव्हता. बराच वेळ सगळे नदीकाठी ताटकळत उभे राहिले. कोणी म्हणालं, मुलाबाळांची काळजी म्हणावी तर लग्नच केलं नाही. आबा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "वैशू, तुझं यान नीट उतरेल. तू काळजी करू नको, बेटा." तेवढ्यात शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी सोडला नाही. मला वाटलं, तू त्याच्यासाठी थांबली नव्हतीस. तुला दुसरंच काही म्हणायचं होतं.

त्यांच्याकडे कापणी चालू होती, म्हणून मीनल तेराव्याला थांबली नाही. जाताना माझ्या गळ्यात पडून खूप रडली. तुझ्यावर तिचा किती जीव होता तुला ठाऊक आहे.

आज तेरावं झालं. पंगत उठली, पाहुणे गेले, आणि मी कुदळ घेऊन बांधावर गेले. मुनवा नव्हता. तिथे खड्डा होता, नीट कडेकडेने खणलेला, मुळांना धक्का लागू नये असा. सुकलेली माती फाटकापर्यंत सांडत गेलेली. हौदाच्या बाजूने, हौद चुकवून.

आबांना विचारलं तर ते कौतुकाने म्हणाले, "अगं, मीनल घेऊन गेली ना. जावईबापूंनी काढून दिला. त्यांना आपलं सुतक कुठे लागतं? मीच म्हटलं तिले, घेऊन जा बेटा, आत्याची आठवण आहे, सोयऱ्याकडची केळी सोयऱ्याकडे गेली पाहिजे."

मग मी फोन उघडला. दिवसभर बघायला सवड झाली नव्हती. मीनलने फोटो पाठवला होता. त्यांच्या बागेच्या मधोमध, विहिरीजवळ, जिथून सगळ्या बागेला पाणी जातं तिथे, तो मुनवा. भोवती आळं केलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. खाली लिहिलंय, "आत्याची केळी. बघ ना आई, किती छान सेट झाली." मागे त्यांची बाग, दिसते तिथपर्यंत केळीच केळी, आणि तिच्यापुढे दुसऱ्यांच्या.

मुनवा बाहेरून हिरवाच असतो, हे तूच मला सांगितलं होतंस. आत असलं तरी दिसत नाही.

आता तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर देते, वैशू. मी 'नको' म्हणणार. मला उशीर झालाय, पण मी 'नको'च म्हणणार. आता दादांना गाडी काढायला सांगितलंय. कुदळ, चुना, रॉकेलचा डबा मागे ठेवलाय. रावेरला जायला रस्ता आहे. तुझ्या यानामागे जायला तो नव्हता, म्हणून तू तेव्हाच नको म्हणायला हवं होतंस. तुझ्यावर माझं प्रेम आहे आणि तरीही मी हे म्हणणार. निघायच्या आधी आबांना बसवून सगळं सांगणार आहे. मांडवाची माती, मर, तुझे हात, सगळं. मीनललाही तेच सांगणार, तिच्या सासूसमोर. तुझं नाव घ्यावं लागेल. तुला दिलेला शब्द मी मोडतेय. माफ करायचं की नाही ते तू बघ.

मीनलला फोन लावला. म्हटलं, "आम्ही येतोय. मी पोचेपर्यंत त्या केळीला हात लावू नको. पाणी तर मुळीच सोडू नको."

ती हसली, अगदी तुझ्यासारखी. म्हणाली, "काय गं आई, टेन्शन का घेतेस? पाणी तर परवाच सोडलं, पूर्ण बागेला."